किल्ल्यांचा जुडगा

सासूने बॉलपेनचं टोपण दातात धरलं, नातीची हनुवटी एका बोटाने वर केली आणि डाव्या कानाच्या पाळीवर बरोबर मधोमध एक निळा ठिपका दिला. मग मान मागे घेऊन, एक डोळा मिटून, भिंतीवरची तसबीर सरळ लागली आहे का हे बघावं तसं बघितलं. बाळ पाच महिन्यांचं होतं. आपल्या कानावर कुणी काही लिहितंय, याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. पेन तोंडात घालायला मिळेल का, एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न होता.

"इथे एक आणि तिकडे एक," सासू म्हणाली. "झालं काम."

सून पलंगावर लंगोटांच्या घड्या घालत होती. ती उठली, ओल्या फडक्याने ठिपका पुसला आणि परत घड्या घालायला बसली.

"शाई चांगली नसते आई, कातडीला."

"शाई पुसलीस. कान कुठे लपवशील?"

गेले तीन आठवडे हे असंच चाललं होतं. बाळाचं कागदोपत्री नाव वेगळं होतं, पण गाल बघून आजीने पहिल्याच आठवड्यात तिची ठमी करून टाकली होती, आणि आता ठमीचे कान टोचायचे की नाही, टोचायचे तर कुठे, हा घरातला कायमचा विषय होऊन बसला होता. ठमीचा बाप दूर एका पुलाच्या बांधकामावर क्रेन चालवायचा आणि दोन-दोन महिने तिकडेच असायचा. त्याला फोनवर विचारलं, तर तो वाऱ्याच्या आणि यंत्रांच्या गोंगाटातून ओरडून म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवा, मी हो म्हणतो!" पुरुषांना असलं शहाणपण दुरून बरोबर सुचतं.

"टोचायचेच कशाला?" सून म्हणायची. "मोठी होऊ दे. तिला हवं असेल तर ती ठरवेल."

"मोठी झाली की ती काय काय ठरवेल, ते तुला कळेलच. तोवर चार गोष्टी आपण ठरवून घेऊ."

"मग दवाखान्यात टोचू. मलम लावून आधी बधिर करतात."

"दवाखान्यात आजारी माणसं जातात."

"बाजारात त्या नव्या दुकानात बंदुकीने टोचतात. एका क्षणात होतं."

"तान्ह्या पोरीच्या कानाला बंदूक लावायची? तिने काय दरोडा घातलाय?" सासू म्हणायची. "कान सोनारानेच टोचावेत. लोक उगाच नाही म्हणत."

सासूने तीस वर्षं बस डेपोच्या खिडकीत बसून पास दिले होते. जाड काचेतून बोलून बोलून तिचा आवाज कायमचा चढला होता, आणि रांगेतल्या माणसाला जसं एकदा 'नाही' म्हटलं की नाही, तसं तिचं घरातही होतं. तरी दोघींचं तसं बरं जमायचं. सून दातांच्या कवळ्या तयार करणाऱ्या एका लहानशा कारखान्यात कामाला होती. मेणात दात बसवायचे, प्लास्टरचे साचे काढायचे, केसाएवढी फट राहिली तरी ती बोटाने ओळखायची, असं तिचं काम. सासूची कवळी तिनेच केली होती. "माझ्या तोंडातले दात सुनेचे," असं सासू आल्यागेल्याला सांगायची. "तिला चावायचं म्हणजे पंचाईतच."

तर सोनारावर सासूचा जीव होता, आणि सुनेला नेमका सोनारच नको होता.

त्या सोनाराची एक रीत होती आणि ती आसपासच्या चार गल्ल्यांना माहीत होती. मुलाचं डोकं तो कुणाला धरू द्यायचा नाही. दाबून धरलं की पोर घाबरतं आणि मग जन्मभर कानाला हात लावू देत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच्याकडे किल्ल्यांचा एक जुडगा होता. ज्या तिजोरीच्या त्या किल्ल्या होत्या ती कधीच भंगारात गेली होती. उजव्या हातात तार तयार ठेवून तो डाव्या हाताने मुलाच्या एका बाजूला तो जुडगा खुळखुळवायचा. मूल तिकडे वळून बघायचं आणि दुसरा कान आपोआप त्याच्यापुढे यायचा. रडायचं भान येईपर्यंत काम झालेलं असायचं. मग तसंच दुसऱ्या बाजूला. दोन वर्षांपूर्वी नणंदेच्या मुलीला मांडीवर घेऊन सून स्वतः त्याच्यासमोर बसली होती. ती पोर दोन्ही वेळा अशी गर्रकन वळली होती की सगळे हसले होते.

सुनेला भीती होती ती या किल्ल्यांची. ठमीला ऐकू येत नाही असा तिला संशय होता, आणि तो तिने अजून कुणापाशीही बोलून दाखवला नव्हता.

जन्मानंतर दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या एका मुलीने ठमीच्या कानात इवलीशी नळी घालून यंत्र लावलं होतं. दोन्ही कानांकडून यंत्राला हवं ते उत्तर मिळालं नाही. "घाबरू नका," ती मुलगी म्हणाली होती, "कधी कधी आत ओल असते. महिन्याभराने परत आणा." तिने एक कागद दिला. सासू तेव्हा खाली औषधं आणायला गेली होती आणि नवरा येऊन पोहोचायचा होता. सुनेने कागदाची घडी केली, पिशवीत टाकली आणि घरी आल्यावर कपाटाच्या तिसऱ्या फळीवर अंथरलेल्या कागदाखाली सरकवून दिली. पहिल्या महिन्यात जाणं राहिलं, कारण तिला स्वतःलाच ताप येत होता. दुसऱ्या महिन्यात राहिलं ते उगाचच. त्यानंतर, इतके दिवस का आणलं नाही असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, हे सुचेना म्हणून राहिलं. हा शुद्ध भित्रेपणा होता. तो तिला दिसत होता, आणि दिसत होता म्हणून ती रात्रंदिवस स्वतःवर चिडलेली असायची.

ती पाठीमागून टाळी वाजवून बघायची. खुळखुळा एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे नेऊन बघायची. ठमी समोर आलेल्या तोंडाकडे बघून भरभरून हसायची, पंख्याकडे बघायची, स्वतःच्या मुठीकडे तासन्‌तास बघायची. आवाजाच्या दिशेला मात्र ती बघत नव्हती. कधी योगायोगाने वळलीच, तर सून लगेच मोठ्याने म्हणायची, "बघा आई, दाराची कडी वाजली तशी बघितलं हिने!"

"बघणारच," सासू म्हणायची. "तिखट कान आहेत."

आणि दोघी आपापल्या कामाला लागायच्या.

एका मंगळवारी दुपारी सून स्वयंपाकघरातून हातात पातेल्याची दोन झाकणं घेऊन बाहेर आली. ठमी पाळण्यात खिडकीकडे तोंड करून पडली होती. दाराजवळच्या खुर्चीत सासू मांडीवर ताट घेऊन वाटाणे सोलता सोलता पेंगलेली दिसत होती. सुनेने झाकणं एकमेकांवर हलकेच आपटली. मग जरा जोरात. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून अशी आपटली की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. ठमी आपल्या मुठीचा अंगठा सोडवण्यात गुंतलेली होती. तिने पापणीसुद्धा लववली नाही.

सुनेने मान वळवली, तर सासूचे डोळे उघडे.

"झाकण बसत नाहीये," सून म्हणाली. "ठोकून बघत होते."

सासू तिच्याकडे बघत राहिली. सुनेचा चेहरा कसा झाला होता ते सुनेला कुठून दिसणार? मग सासूने एक वाटाणा ताटात टाकला आणि जागेवरूनच आपल्या डेपोच्या आवाजात हाक मारली, "ठमेऽ! अगं ए ठमे!"

ठमीची मान वळली. खिडकीकडून थेट दाराकडे. तिने आजीला शोधलं आणि बोळकं पसरून हसली.

सुनेच्या हातातली झाकणं खाली पडली.

"बघितलंत?" ती म्हणाली. "आई, बघितलंत?"

"त्यात काय बघायचं?" सासू वाटाण्यांकडे बघत म्हणाली. "तिखट कान आहेत म्हणून कधीपासून सांगतेय. माझ्यावर गेलीय पोर."

त्या संध्याकाळी सुनेने नवऱ्याला हे इतक्या वेळा सांगितलं की तो म्हणाला, "अगं, हाक मारली की माणसं बघतातच!" पण त्यालाही ते आवडलं असावं. दुसऱ्या दिवसापासून काम सुटलं की तो फोन करायचा आणि म्हणायचा, "आधी तिच्या कानाला लाव." सून फोन ठमीच्या कानाला धरायची. तो तिकडून काय काय सांगायचा, क्रेनचा आवाज काढून दाखवायचा, आणि ते सगळं खोलीभर ऐकू यायचं.

पुढचे दिवस फार सुखाचे गेले. सुनेने स्वतःची समजूत घातली की पत्र्याचा आवाज कर्कश, तो बाळाला नको वाटत असेल, माणसाची हाक वेगळी. आत ओल असेल, ती सुकली असेल. इतके दिवस ती ठमीशी मोजकंच बोलायची. आता ती सकाळपासून बोलायला लागली. आंघोळ घालताना गाणी, खिमट भरवताना गाणी, गाण्यांचे शब्द संपले की मनाचे शब्द घालून गाणी. पुन्हा झाकणं आपटून बघायचं मात्र तिने टाळलं. त्याऐवजी ती एकदम एक दिवस म्हणाली, "आई, गुरुवारी जाऊ या का सोनाराकडे?"

तिच्या मनात सगळं ठरलं होतं. सोनार किल्ल्या वाजवेल, ठमी वळेल, चारचौघांत वळेल. घरी आल्यावर तो कागद फाडून टाकायचा.

सासूला खरं तर आनंद व्हायला हवा होता.

"गुरुवारी?" ती म्हणाली. "ऊन किती आहे बाहेर."

"सकाळी जाऊ."

"त्या सोनाराचे हात आताशा थरथरतात म्हणे."

"परवाच तर म्हणालात, त्याच्यासारखा हात नाही कुणाचा."

"तो दवाखाना काही वाईट नाही गं," सासू म्हणाली. "मलमबिलम लावतात ना?"

"दवाखान्यात आजारी माणसं जातात," सून हसून म्हणाली. "तुम्हीच म्हणालात."

सासू उठून गॅलरीतले वाळलेले कपडे काढायला गेली.

सोनाराचं दुकान दोन पायऱ्या चढून होतं. काचेची एक पेटी, तिच्यामागे गादी, गादीवर म्हातारा सोनार. त्याचं भिंग कपाळावर सरकवलेलं असायचं आणि कधी कधी तो तेच शोधत असायचा. दारातून उन्हाचा एक पट्टा आत येऊन पेटीच्या काचेवर पडला होता. सासू ओळखीची, त्यामुळे सोनाराने आधी तिची चौकशी केली, मग पूल कुठवर आला ते विचारलं, आणि मग ठमीकडे बघून, "अरे वा, गालांनाच जागा पुरत नाहीये, कान कुठे आहेत?" म्हणाला. सून मोकळेपणाने हसली. सासू पेटीवरच्या काचेतला एक ओरखडा बोटाने पुसत होती.

"मांडीवर घे, बाई. डोकं धरायचं नाही हं."

"माहीत आहे," सून म्हणाली. "माझ्या भाचीच्या वेळी मीच होते."

सोनाराने कान स्पिरिटने पुसले, ठिपके दिले, तार उजव्या हातात घेतली. डाव्या हाताने त्याने खण उघडला आणि जुडगा काढला. खण उघडल्याच्या आवाजानेच सून सावरून बसली. ठमी सोनाराच्या कपाळावरच्या भिंगाकडे बघत होती.

त्याने डाव्या बाजूला, तिच्या नजरेच्या मागे, जुडगा खुळखुळवला.

ठमी भिंगाकडे बघत होती.

तो हात बदलून उजवीकडे गेला. तिथे वाजवला. मग परत डावीकडे, जरा जवळून. कुणी दुकानात आलं असतं तर वाटलं असतं, म्हातारा त्या पोरीला खेळवतोय. त्याचा चेहरा तसाच हसरा होता. फक्त तार असलेला हात त्याने हळूच मांडीवर टेकवला.

"पुन्हा वाजवा," सून म्हणाली.

त्याने वाजवला.

"तिचं लक्ष भिंगात आहे. ते काढून ठेवता का?"

त्याने भिंग काढून गादीखाली सारलं आणि पुन्हा जुडगा वाजवला. आता ठमी उन्हाच्या पट्ट्याकडे बघायला लागली.

"अजून एकदा."

"पुरे," सासू म्हणाली. ती इतक्या हळू आवाजात कधी बोलली नव्हती. "पुरे गं, पोरी. तिला ऐकू येत नाही."

सोनाराने जुडगा खणात ठेवला. "पाणी आणतो," असं कुणालातरी सांगून तो उठला आणि पडद्याआड गेला. आत भांडं, पेला, नळ असे सगळे आवाज झाले, पण तो लवकर बाहेर आला नाही.

"त्या दिवशी बघितलं होतं तिने," सून म्हणाली. तिने ठमीला घट्ट धरलं होतं. "तुम्ही हाक मारलीत आणि ती वळली. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. थोडं तरी येत असणार. तुम्हीच सांगा त्यांना."

सासू पुन्हा काचेवरच्या त्या ओरखड्यावर बोट फिरवायला लागली.

"आई?"

"दोरी माझ्या पायात होती," सासू म्हणाली.

"कसली दोरी?"

"पाळण्याची दोरी. अंगठ्यात अडकवली होती झोका द्यायला. हाक मारताना ओढली. पाळणा हलला, म्हणून तिने बघितलं." सासूने पदराने तोंड पुसलं. "तू झाकणं घेऊन उभी होतीस ना. तुझं तोंड बघवेना मला."

ठमीने आईच्या साडीची निरी मुठीत पकडली होती आणि ती चोखत होती.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" सुनेने विचारलं.

"ती दोन महिन्यांची होती तेव्हापासून. कपाटातले कागद बदलायला घेतले होते मी."

"दवाखान्याचा कागद."

"होता तसा परत ठेवला. त्याच फळीवर."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तू लपवलास म्हणजे तुला माहीत आहे, एवढं मला कळलं. पण मला कळलंय हे तुला कुठल्या तोंडाने सांगायचं?" सासूचा आवाज चिरकला. "म्हणून म्हटलं, इथे येऊ. त्याच्या किल्ल्यांनी कळलं, तर दोघींना एकदम कळल्यासारखं होईल. तुझ्यावर बोल नको, माझ्यावर बोल नको. तीन आठवडे तुझ्या मागे लागले. आणि मग मीच ती दोरी ओढून बसले."

सुनेला राग आला. खूप आला. ही बाई आपल्यासमोर बसून 'तिखट कान' म्हणत होती आणि आपण ते मनात साठवत होतो, याचा आला. त्याहून जास्त राग या गोष्टीचा आला की ते दिवस आपल्याला अजूनही हवेच आहेत.

"नऊ दिवस," ती म्हणाली. "नऊ दिवस मी तिला गाणी म्हणत होते."

"मी ऐकत होते," सासू म्हणाली.

मग सून रडली. दुकानाच्या दारातून रस्ता दिसत होता, माणसं ये-जा करत होती. सासू उठून त्या दाराच्या बाजूला, रस्त्याकडे पाठ करून, आडोसा धरल्यासारखी उभी राहिली. ठमी आईच्या तोंडाकडे बघून आधी हसली, मग हसायचं की नाही हे न कळून थांबली.

सोनार पाण्याचा पेला घेऊन आला, तेव्हा सून डोळे पुसत होती. त्याने पेला तिच्या हातात दिला आणि गादीवर बसला. भिंग कुठे ठेवलं ते तो थोडा वेळ शोधत राहिला.

"माझ्याकडे अशी आलीयेत मुलं," तो म्हणाला. "आई-बापांना ठाऊक नसतं. सांगावं की न सांगावं, मला कळत नाही. एकदा नाही सांगितलं. ते मनाला लागून राहिलंय." त्याला भिंग सापडलं. "ज्यांनी लवकर दाखवलं, त्यांच्या पोरांच्या कानाला यंत्रं बसली. बोलतात आता. जास्त दिवस घालवू नका."

"उद्याच जाऊ," सासू म्हणाली.

"उद्या सकाळी," सून म्हणाली.

"मग आज राहू दे हे टोचणं," सासू म्हणाली. "घरी जाऊ. आज पोरीला आणखी दुखवायला नको."

सून बराच वेळ ठमीच्या कानांकडे बघत होती. पाळीवर दोन ठिपके होते, बरोबर मधोमध, केसाएवढाही फरक नव्हता. वर दोन्ही कान अगदी घडवल्यासारखे होते. त्यांच्यात काही कमी आहे असं कुणी म्हणालं नसतं.

"नको," ती म्हणाली. "टोचा."

"अगं, पण..."

"यंत्र लागलं, की जो तो तिच्या कानाकडे बघणार आहे, आई. बघायला तिथे काहीतरी छान असू दे."

सोनाराने मान हलवली. त्याने गिऱ्हाइकांना दागिना घालून बघायला ठेवलेला छोटा आरसा उचलला, उन्हाच्या पट्ट्यात धरला आणि डावीकडच्या भिंतीवर उजेडाचा एक ठिपका पाडला. तो ठिपका त्याने जरासा हलवला. ठमीने भिंतीकडे पाहिलं. पूर्ण मान वळवून, श्वास धरून, डोळे विस्फारून पाहिलं. तिचा उजवा कान सोनारापुढे आला. दुसऱ्या खेपेला आरसा सासूने धरला, कारण म्हाताऱ्याचा हात आता खरंच थोडा थरथरत होता. उजेडाचा ठिपका उजवीकडच्या भिंतीवर गेला आणि ठमी, गालांवर ओघळ असतानाही, त्याच्यामागे वळली.

मग ती मनसोक्त रडली. सून तिला खांद्यावर घेऊन उभी राहिली आणि "झालं, झालं, झालं हं माझ्या बाळाचं" म्हणायला लागली, आणि मध्येच गप्प झाली. सासूने तिच्या हातातून नात घेतली आणि पाठीवर थोपटत दुकानातल्या दुकानात येरझारा घालू लागली. थोड्या वेळाने नुसते उसासे उरले.

सुनेच्या पिशवीत फोन वाजला. नवऱ्याची जेवणाची सुट्टी झाली होती. तो नेहमीसारखाच ओरडून बोलत होता, त्यामुळे त्याचं बोलणं सगळ्या दुकानाला ऐकू येत होतं.

"टोचले?"

"हो. आत्ताच."

"रडली खूप?"

"थोडी. आता थांबलीय."

"आणि ते किल्ल्यांचं? ताईच्या पोरीसारखी वळली का गं?"

सुनेने सासूकडे बघितलं. सासूचा हात ठमीच्या पाठीवर होता तसाच थांबला. तिच्या चेहऱ्यावर 'सांग' असंही नव्हतं आणि 'नको' असंही नव्हतं. पलीकडे वारा घोंघावत होता. खूप उंचावर कुठेतरी, पोळीचा डबा उघडून, तो वाट बघत होता.

"हो," सून म्हणाली. "लगेच वळली."

तो मोठ्याने हसला. "लाव, लाव तिला फोन."

सून सासूजवळ गेली. नुकत्याच टोचलेल्या पाळीला लागू नये अशा बेताने, जरा अंतर ठेवून, तिने फोन ठमीच्या कानाशी धरला. तो बराच वेळ बोलत राहिला. दोघींपैकी कुणीही त्याला थांबवलं नाही.